बोरघाटाचा पथकर आणि एस. टी.चा मोफत पास

मावळातील प्रवासाचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न एस. टी.हून बराच जुना आहे. गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत, १८३० साली, बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. रस्ता सरकारने बांधला. मात्र त्यावर पथकर बसवून त्याचा मक्ता देण्यात आला. वापरणाऱ्याने मोल द्यावे, हे तत्त्व या घाटात तेव्हापासून रुजले. पुढे १८६३ साली घाटातील लोहमार्ग सुरू झाला आणि लोणावळ्यास महत्त्व आले. परंतु हा मार्ग मुख्यतः इंद्रायणीच्या खोऱ्यातून जातो. पवन मावळ व आंदर मावळ यांतील बहुसंख्य गावे त्यापासून दूरच राहिली. सार्वजनिक वाहन म्हणजे मोटारबस, असे समीकरण जे पुढे झाले ते या गावांपुरते अक्षरशः खरे होय.

राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. १९५० च्या केंद्रीय कायद्याचे बाविसावे कलम असे सांगते की, परिवहन महामंडळाने आपला कारभार व्यापारी तत्त्वांवर चालवावा. १९५८ च्या कायद्याने तिकिटाच्या रकमेवर प्रवासी करही आला. म्हणजे आंदर मावळातून वडगावच्या बाजारास येणारा शेतकरी केवळ प्रवासाचे मोल देत नव्हता. तो राज्याच्या तिजोरीतही भर घालीत होता. माल्कमच्या पथकराशी याचे नाते उघड आहे.

या चौकटीत मोफत प्रवास आला तो वर्गावर्गाने. ग्रामीण विद्यार्थिनींसाठी अहिल्याबाई होळकर यांच्या नावाची योजना १९९६ मध्ये निघाली. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून भाडे माफ झाले आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्मे भाडे लागू झाले. या सवलतींची भरपाई शासनाने महामंडळास द्यावयाची असते. एका हाताने कर घ्यावा व दुसऱ्याने भरपाई द्यावी, असा हा काहीसा विलक्षण हिशेब आहे. कर्नाटकाने जून २०२३ मध्ये राज्यातील स्त्रियांना साध्या बसगाड्यांतून पूर्ण मोफत प्रवास दिला. सर्वांनाच भाडेमाफी देण्याचे उदाहरण युरोपात सापडते : लक्झेंबर्गने २०२० मध्ये देशभरची बस, ट्राम व दुसऱ्या वर्गाची रेल्वे निःशुल्क केली. तेथे खर्च सर्वस्वी सार्वजनिक निधीतून होतो व ‘सवलतधारक’ हा वर्गच उरत नाही.

महाराष्ट्रातील सवलत व्यक्तीस मिळते, मार्गास नव्हे. हा भेद वरवर तांत्रिक वाटतो. त्याचे खरे स्वरूप २०२१ च्या अखेरीस सुरू झालेल्या आणि एप्रिल २०२२ पर्यंत लांबलेल्या एस. टी. कर्मचाऱ्यांच्या संपात प्रकट झाले. महामंडळाचे शासनात विलीनीकरण करावे, ही त्या संपाची प्रमुख मागणी होती. अर्थात वाद पुन्हा खर्च कोणाचा याचाच होता. गाड्या आगारांत उभ्या असताना लोणावळ्याच्या रहिवाशास निदान पुण्याची लोकल होती. लोहमार्गापासून दूरच्या खोऱ्यातील विद्यार्थिनीजवळ मोफत पास होता, परंतु तो दाखवावयास गाडी नव्हती.