यादीत नाव कोण घालतं?

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लावतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान गेले असं गावकरी सांगतात, आणि त्यांचं स्मारक गावात आहे. मोबाईल नाही, फॉर्म नाही, मग ही पोरं लष्कराला सापडली कशी?

लष्कराकडे माहिती होती, पण ती माणसाची नव्हती, जातीची होती. १९०८ साली कॅप्टन बेथम यांनी मराठे आणि दख्खनी मुसलमान यांच्यावर भरती अधिकाऱ्यांसाठी एक हँडबुक लिहिलं. कोणत्या समाजातून शिपाई घ्यावेत, त्यांची कुळं कोणती, चालीरीती काय, हे सांगणारी अशी पुस्तकं तेव्हा सरकारच छापायचं. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आज सांगलीत असलेले वाळवा, तासगाव हे तालुकेही होते. पुढचं काम सुट्टीवर आलेले शिपाई करायचे. परत जाताना भाऊ, पुतण्या, शेजारचा पोरगा असं कुणाला तरी सोबत न्यायचे.

आजच्या भाषेत सांगायचं तर हा जातीचा फिल्टर होता. फिल्टर काहींना आत घेतो, तसा काहींना बाहेरही ठेवतो. मुंबई लष्करात महार सैनिकांनी पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली होती. १८९० च्या दशकात त्यांची भरती बंद झाली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज केला. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर साताऱ्यात राहायला आले आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांच्या धाकट्या मुलाचं नाव तिथल्या सरकारी शाळेच्या रजिस्टरमध्ये लागलं. हा मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ज्या समाजाला पलटणीच्या यादीतून काढलं, त्याच समाजातला एक मुलगा शाळेच्या यादीत आला. १९१७ मध्ये युद्धाला माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्धानंतर काही वर्षांतच मोडली. महार रेजिमेंट आली ती १९४१ मध्ये, पुन्हा महायुद्ध पेटल्यावर. यादी कुणाची आणि कधी करायची, हे ठरवणारा दरवेळी दुसराच होता.

स्वतंत्र भारतात शाळा-कॉलेज आणि लष्कर यांच्यामधला दुवा म्हणजे एनसीसी. १९४८ च्या कायद्यानं ती ऐच्छिक होती. चीन युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजच्या मुलांना ती सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक. म्हणजे मधली काही वर्षं कॉलेजचा हजेरीपट आणि परेडची यादी जवळपास एकच होती. तरीही कॅडेटवर युद्धावर जाण्याचं बंधन नव्हतं.

अमेरिकेत गोष्ट वेगळी आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या कॉलेजांना विद्यार्थ्यांची नावं, पत्ते, फोन नंबर भरती अधिकाऱ्यांनी मागितले तर द्यावे लागतात. १९९० च्या दशकातल्या ‘सॉलोमन दुरुस्ती’नं हे आलं. आपल्याकडे असा कायदा नाही. अग्निवीर व्हायचं तर सातारा-सांगलीचा पोरगा स्वतः ऑनलाइन फॉर्म भरतो, आधी परीक्षा देतो आणि मगच मैदानावर धावतो. आपलं नाव तो आपल्या हातानं घालतो. शंभर वर्षांत झालेला हा मोठा बदल आहे.

तो टिकायचा असेल तर कॉलेजनं ॲडमिशनसाठी घेतलेला नंबर ॲडमिशनपुरताच राहायला हवा. तोच नंबर एखाद्या भरती अकॅडमीला गेला, तर पोराला विचारलं कुणी? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तत्त्व साधं आहे: माहिती ज्या कामासाठी घेतली, त्याच कामाला वापरा. पण देशाच्या सुरक्षेसाठी सरकार आपल्याच संस्थांना त्या कायद्यातून सूट देऊ शकतं. म्हणून लष्करात जायची हौस असलेल्या पोरानंही कॉलेजच्या फॉर्मवर सही करताना विचारावं, हा नंबर पुढे कुणाला देणार? विचारल्यानं देशप्रेम कमी होत नाही. वलंगकरांनीही यादी करणाऱ्यालाच जाब विचारला होता.