एक वाक्य कुणाच्या मालकीचं? ओहायोच्या हिशेबवहीपासून घरतपासणीच्या ॲपपर्यंत

तुमच्यापैकी जे पुण्या-मुंबईत भाड्याने राहतात, त्यांनी लिव्ह अँड लायसन्सचा करार नक्की पाहिला असेल. वाचला असेलच असं नाही, पण सही केली असेल! सगळ्या करारांत तीच ती वाक्यं असतात. "सदर जागेत कोणतेही बेकायदेशीर कृत्य करू नये," वगैरे. हे वाक्य पहिल्यांदा कुणी लिहिलं, हे कुणी विचारत नाही. पण समजा उद्या एखादी कंपनी म्हणाली, "हे वाक्य आमचं, वापरायचं तर पैसे टाका," तर?

आजचा भाग याच प्रश्नाच्या इतिहासावर आहे. त्यासाठी आपल्याला अमेरिकेत जावं लागेल.

तिकडे जुनं घर विकत घेताना होम इन्स्पेक्टर बोलावतात. तो छपरापासून तळघरापर्यंत घर तपासतो आणि रिपोर्ट देतो. या मंडळींची मोठी संघटना, अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स, 1976 साली सुरू झाली. 1984 मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने 'ईस्टन विरुद्ध स्ट्रासबर्गर' खटल्यात सांगितलं की घर विकणाऱ्या दलालानेही घर नीट बघून दोष सांगायला हवेत. साहजिकच व्यावसायिक तपासणीचं महत्त्व वाढलं.

आता हे रिपोर्ट सॉफ्टवेअरवर बनतात. गिझरला गंज दिसला की इन्स्पेक्टर मोबाइलवर एक टिचकी मारतो आणि तयार वाक्य येतं: "गंज आढळला, परवानाधारक प्लंबरकडून तपासून घ्यावे." अशा शेकडो-हजारो वाक्यांचा साठा सॉफ्टवेअरबरोबर मिळतो. भांडण लागतं ते इथेच. एका कंपनीच्या साठ्यातलं वाक्य दुसरीच्या साठ्यात दिसलं, तर ती चोरी का? इन्स्पेक्टरने सॉफ्टवेअर बदललं, तर जुनी वाक्यं सोबत नेता येतात का?

उत्तराची सुरुवात मोबाइलच्या कितीतरी आधी, एका हिशेबवहीत झाली.

सेल्डनची वही

ओहायो राज्यात चार्ल्स सेल्डन नावाचे गृहस्थ होते. सरकारी हिशेब ठेवायची सोपी पद्धत त्यांनी शोधली. दिवसाचा, आठवड्याचा किंवा महिन्याचा अख्खा व्यवहार एका पानावर, फार तर समोरासमोरच्या दोन पानांवर दिसावा, अशी. 1859 साली त्यांनी यावर पुस्तक काढलं आणि कॉपीराइट घेतला. पुस्तकात पद्धतीची ओळख होती आणि आखलेल्या रकान्यांचे नमुने होते.

पुढे बेकर नावाच्या दुसऱ्या माणसाने तशाच पद्धतीच्या वह्या विकायला सुरुवात केली. रकान्यांची मांडणी थोडी वेगळी, मथळे वेगळे, पण कल्पना तीच. तोवर सेल्डन वारले होते. खटला लढल्या त्यांच्या पत्नी. खालच्या कोर्टात त्या जिंकल्या, पण बेकर सुप्रीम कोर्टात गेला.

1880 च्या सुरुवातीला निकाल लागला आणि न्यायमूर्ती जोसेफ ब्रॅडली यांनी बेकरच्या बाजूने कौल दिला. त्यांचं म्हणणं साधं होतं. औषधांवर पुस्तक लिहिलं म्हणून औषध बनवायचा हक्क लेखकाचा होत नाही. नांगरावर लिहिलं म्हणून नांगर त्याचा होत नाही. पद्धतीवर मक्तेदारी हवी तर पेटंट घ्या, आणि त्यासाठी आधी पेटंट ऑफिसच्या परीक्षेत पास व्हा. कॉपीराइट मिळतो तो पद्धत समजावून सांगणाऱ्या तुमच्या लिखाणाला. आणि ती पद्धत वापरायला जे रकाने लागतातच, ते सगळ्यांना मोकळे.

सेल्डनबाईंच्या बाजूने बघितलं तर हे कडू होतं. मेहनत नवऱ्याची आणि धंदा दुसऱ्याचा. पण उलटा निकाल लागला असता, तर हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येक कारकुनाला कुणाची तरी परवानगी काढावी लागली असती.

शब्दच संपले तर?

पुढची पायरी 1967 ची, 'मॉरिसी विरुद्ध प्रॉक्टर अँड गँबल'. मॉरिसी यांनी एका बक्षीस स्पर्धेचे नियम लिहिले होते. कंपनीने त्यातला एक नियम जवळजवळ जसाच्या तसा उचलला. कोर्टाने उचलेगिरी नाकारली नाही. पण ते म्हणालं, इतकी साधी गोष्ट सांगायच्या रीती मोजक्याच असतात. चार-पाच लोकांनी त्या सगळ्यांवर कॉपीराइट घेतला, तर उरलेल्यांनी तो नियम सांगायचा कसा? म्हणून अशा वाक्यावर हक्क नाही.

मग 1991 चा गाजलेला 'फाइस्ट' खटला. कॅन्ससमधल्या रूरल टेलिफोन सर्व्हिसच्या डिरेक्टरीतले 1,309 नंबर फाइस्ट कंपनीने आपल्या डिरेक्टरीत घातले. चोरी पकडायला रूरलने पेरलेली चार खोटी नावंही त्यात आली! म्हणजे रंगेहाथ पकडलं. तरी फाइस्ट जिंकली. न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी लिहिलं की नुसता घाम गाळणं पुरेसं नाही, थोडी तरी सर्जनशीलता हवी. मात्र निवड आणि मांडणी स्वतःची असेल, तर तेवढ्या भागाला संरक्षण मिळतं.

आपल्याकडेही 'ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक' खटल्यात सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2007 मध्ये याच दिशेने पाऊल टाकलं. न्यायनिकालांचा मूळ मजकूर सगळ्यांचा. पण संपादकांनी डोकं लावून केलेल्या काही गोष्टी, उदाहरणार्थ परिच्छेद पाडून त्यांना क्रमांक देणं, त्यांना संरक्षण मिळालं.

मग ॲपमधल्या वाक्यांचं काय?

हे धागे जोडले की चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं. "गंज आढळला, प्लंबरला दाखवा" हे वाक्य कुणाच्या मालकीचं होणं कठीण. पण हजार वाक्यं निवडून, विशिष्ट क्रमाने लावून, सविस्तर समजावून लिहिलेला अख्खा साठा? तो कॉपी-पेस्ट केला तर प्रकरण अंगाशी येऊ शकतं. शिवाय कॉपीराइट नसला तरी करार असतो. इन्स्टॉल करताना आपण न वाचता 'मान्य आहे' दाबतो ना, त्यात वाक्यं बाहेर नेता येणार नाहीत असं लिहिलेलं असू शकतं. इन्स्पेक्टरने वर्षानुवर्षं स्वतः लिहून भरलेली वाक्यं कुणाची, हेसुद्धा तिथेच बघावं लागतं.

आणि यात खरं नुकसान कुणाचं होऊ शकतं? घर घेणाऱ्याचं. ठरलेल्या शब्दांना ठरलेला अर्थ असतो. प्लंबर, दलाल, बँक, कोर्ट, सगळे तो एकाच पद्धतीने वाचतात. खटल्याच्या भीतीने इन्स्पेक्टर शब्द फिरवून लिहायला लागला, तर गंजलेला गिझर 'जुनाट दिसणारा' होईल, आणि आयुष्याची कमाई घालणारं कुटुंब ते वाचून निर्धास्त होईल.

म्हणून ब्रॅडलींचा 1880 चा निकाल आजही कामाचा आहे. समजावून सांगण्याची शैली तुमची, पण काम करायला लागणारी भाषा सगळ्यांची.

पुढच्या वेळी भाडेकरारावर सही करताना ती घासून गुळगुळीत झालेली वाक्यं एकदा वाचा. ती कुणाचीच नाहीत, म्हणून तर तुमच्या उपयोगाची आहेत. भेटू पुढच्या भागात!