बेगमपेठेतला तापमापक

आम्हा हैदराबादकर मराठी घरांत वडीलधारी माणसे अजून सांगतात, की उन्हाळ्यात गच्चीवर झोपले तरी पहाटे चादर ओढावी लागे. आता पहाटेही पंखा बंद करवत नाही. यात हवामानाचे किती आणि शहराचे किती?

प्रश्न जुना आहे. औषधांचा व्यवसाय करणाऱ्या ल्यूक हॉवर्डने लंडनबाहेर तापमान नोंदले, शहरातल्या नोंदींशी ताडले आणि १८१८ पासून ते ग्रंथरूपाने छापले. शहराची रात्र सुमारे २ अंश सेल्सिअसने उष्ण निघाली. दिवसा मात्र शहर किंचित थंडच! विटा-दगड दिवसभर ऊन साठवतात, रात्री सोडतात. वडिलांना नेमकी पहाटच आठवावी, ते उगीच नाही.

तापमापक जागचा हलला नाही, तरी शहर त्याच्याभोवती येते. बेगमपेठ विमानतळावरची वेधशाळा आज भर वस्तीत आहे. २००८ मध्ये प्रवासी विमाने शमशाबादला गेली, वेधशाळा राहिली. मग तिच्या आकड्यांतून शहराचा वाटा निराळा कसा काढावा?

अमेरिकेपुरती एक युक्ती यूजेनिया कॅल्ने आणि मिंग त्साय यांनी २००३ मध्ये मांडली. जमिनीलगतचे तापमान बाजूला ठेवून, वरच्या हवेच्या नोंदींवरून त्यांनी तापमानवाढीचे गणित केले आणि तापमापकांनी दाखवलेल्या वाढीतून ते वजा केले. उरले शतकाला ०.२७ अंश, शहरे आणि बदललेली जमीन मिळून. त्यावर वाद झाले, पण वजाबाकीची कल्पना आम्हाला पटते.

बेगमपेठेचे आकडे छापून येतात, तेव्हा आम्ही आता कमाल तापमानाआधी किमान तापमान पाहतो.