रक्तशर्करा : स्वभाव व मनःस्थिती

मधुमेही व्यक्तीच्या रक्तातील शर्करेचे प्रमाण ज्या कारणांनी चढते-उतरते, त्यांत आहार, श्रम, औषध आणि निद्रा यांच्या जोडीने तिच्या स्वभावाचा व तिच्या त्या त्या वेळच्या मनःस्थितीचाही अंतर्भाव होतो. स्वभाव म्हणजे काटेकोरपणा, चिंताळूपणा, तापटपणा, एकलकोंडेपणा यांसारखी वर्षानुवर्षे टिकणारी मनाची घडण. मनःस्थिती म्हणजे भीती, शोक, उद्वेग किंवा खिन्नता यांसारखी काही घटका वा काही आठवडे राहणारी अवस्था. क्षणिक मनःस्थितीचा परिणाम ग्लुकोमीटरवर त्याच दिवशी दिसू शकतो. स्वभावाचा परिणाम शोधावयाचा तो दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी या तपासणीत.

हा संबंध प्राचीनांच्या नजरेतून सुटलेला नव्हता. चरकसंहितेच्या निदानस्थानात वातज प्रमेहाच्या हेतूंमध्ये उद्वेग व शोक यांची गणना आहे; आणि त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात मधुमेहाची कारणे सांगताना, व्यायामाबरोबर चिंतेचाही त्याग करून बसल्या जागी सुख भोगणाऱ्या मनुष्याचा निर्देश आहे. चिंता फार झाली तरी रोग आणि अगदी नसली तरी रोग, ही दोन विधाने शेजारी ठेवली असता विसंगत वाटतात खरी, परंतु अगदी अलीकडच्या संशोधनातही हेच कोडे पुन्हा पुढे आले आहे, हे खाली दिसून येईल. इंग्लंडातील टॉमस विलिस या वैद्याने सतराव्या शतकात, या रोग्यांचे मूत्र मधासारखे गोड लागते हे नोंदविताना, दीर्घकाळच्या दुःखाकडेही या रोगाचे कारण म्हणून बोट दाखविले होते.

प्रयोगशाळेतील पुरावा एकोणिसाव्या शतकात येऊ लागला. क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४९ च्या सुमारास सशाच्या मेंदूच्या तळाशी एका विशिष्ट जागी सुई टोचली असता मूत्रात शर्करा उतरते हे दाखविले, आणि शर्करेच्या कारभारावर मज्जासंस्थेचा अंमल चालतो हे सिद्ध झाले. पुढे हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर कॅनन व त्याचे सहकारी यांनी १९११ साली, जखडून ठेवल्यामुळे किंवा भुंकणाऱ्या कुत्र्यामुळे भ्यालेल्या मांजरांच्या मूत्रातही शर्करा सापडते असे दाखवून दिले. १९१३ च्या फुटबॉल हंगामातील अखेरच्या, अतिशय चुरशीच्या सामन्यानंतर त्यांनी विद्यापीठाच्या पंचवीस खेळाडूंचे मूत्र तपासले. बारा जणांत शर्करा आढळली, आणि त्या बारांपैकी पाच जण राखीव खेळाडू होते, म्हणजे त्यांनी त्या दिवशी मैदानात पाऊलही टाकलेले नव्हते. त्यांच्या शरीराला श्रम झालेच नव्हते. झाली होती ती निव्वळ मनाची घालमेल. या विषयात याहून बोलका दाखला प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही.

यामागील शरीरव्यापार आता पुष्कळसा स्पष्ट झाला आहे. भय किंवा क्रोध उत्पन्न होताच अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनालिन स्रवते. ते यकृतातील ग्लायकोजेनचा साठा मोडून ग्लुकोज रक्तात सोडावयास लावते आणि त्याच वेळी स्वादुपिंडातील इन्सुलिनच्या स्रावाला आवर घालते. मागाहून येणारे कॉर्टिसॉल यकृताकडून नवे ग्लुकोज तयार करवून घेते व स्नायूंना इन्सुलिनची दाद लागू देत नाही. निरोगी माणसाच्या शरीरात ही वाढ ओळखून तितके इन्सुलिन पुरविण्याची तजवीज असते. मधुमेहीच्या शरीरात नेमकी तीच मोडकळीस आलेली असते. मात्र सर्वांचे शरीर एकाच रीतीने वागत नाही. विशेषतः पहिल्या प्रकारच्या मधुमेहात मानसिक ताणाने काहींची शर्करा वाढते, काहींची बदलत नाही, तर काहींची घटतेही.

संप्रेरकांचा हा मार्ग झाला. दुसरा मार्ग आचरणाचा, आणि व्यवहारात बहुधा तोच अधिक रुंद. खिन्न मनुष्य गोळी घ्यावयास विसरतो, फिरावयास जात नाही, भुकेवाचून खातो किंवा खातच नाही. रुग्णालयाच्या व्हरांड्यात आजारी मुलाच्या उशाशी दोन रात्री जागलेली मधुमेही आई पहाटे घरी येते, बोटाच्या कडेला सुई टोचते, रक्ताचा थेंब पट्टीला लावते आणि पाच सेकंदांत यंत्रावर २१० हा आकडा उमटतो. ‘रात्री काय खाल्लं होतंस?’ हा घरातला पहिला प्रश्न. तिने काहीच खाल्लेले नसते. तो आकडा जागरणाचा, धास्तीचा आणि धावपळीत राहून गेलेल्या गोळीचा असतो. पण जाब मात्र तिच्या जिभेला विचारला जातो.

अमुक स्वभावाच्या माणसांनाच मधुमेह होतो, अशी एक उपपत्ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मनोविश्लेषणाच्या प्रभावाखालील वैद्यांमध्ये प्रचलित होती. पुढील काळात तिला आधार मिळाला नाही, आणि ती टाकून दिली गेली हे योग्यच झाले. कारण आधीच रोगाने गांजलेल्या माणसावर स्वभावदोषाचे आणखी एक कलम लावण्यापलीकडे तिचा उपयोग नव्हता. रोग जडल्यानंतर त्याच्या नियंत्रणावर स्वभावाचा काय परिणाम होतो, हा प्रश्न निराळा. नियमित, काटेकोर वृत्तीच्या माणसांना दिनचर्या सांभाळणे सोपे जाते, हे अपेक्षेप्रमाणेच आहे. परंतु अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जेम्स लेन व सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहींच्या पाहणीत चिंताळू, चटकन अस्वस्थ होणाऱ्या व्यक्तींची सरासरी शर्करा तुलनेने कमी आढळली, आणि परोपकारी वृत्तीचे गुण ज्यांना कमी मिळाले त्यांचीही कमी आढळली. थोडी धास्ती माणसाला औषधाच्या वेळेवर आणते, आणि सदैव दुसऱ्यांसाठी झिजणारा माणूस स्वतःच्या पथ्याला वेळ देत नाही, असा याचा अर्थ लावता येईल. आपल्याकडे घरातल्या सर्वांचे जेवण उरकल्यावर पाने आवरून मग जेवावयास बसणाऱ्या गृहिणी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा अर्थ दूरान्वयाचा वाटणार नाही.

कार्यकारणाची दिशा उलटीही असते. शर्करा दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरली की हात कापतात, घाम फुटतो, माणूस विनाकारण चिडतो. ती चिडचिड स्वभावाची नव्हे, उपाशी मेंदूची असते. शिवाय आयुष्यभर मोजमाप, टोचणी आणि पथ्य यांच्या हिशेबात जगण्याचा एक स्वतंत्र शीण असतो. तो मोजण्यासाठी विल्यम पोलोन्स्की व सहकाऱ्यांनी १९९५ साली वीस प्रश्नांची एक प्रश्नावली सिद्ध केली. मोजलेले आकडे साठवून ठेवणारे ग्लुकोमीटर १९८० च्या दशकात वापरात आले, तेव्हा पुष्कळ रुग्णांच्या वहीतील नोंदी यंत्रातील नोंदींशी जुळत नाहीत आणि वहीतले आकडे अधिक सौम्य असतात, असे उघड झाले. याला अप्रामाणिकपणा म्हणणे अन्यायाचे आहे. बोलणी खाण्याच्या भीतीने माणूस आकडा बदलतो, आणि मग त्या बदललेल्या आकड्यावर वैद्य औषधाची मात्रा ठरवितो.

उपचारांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. लस्टमन व सहकाऱ्यांच्या १९९८ च्या प्रयोगात विचार व वर्तन यांना वळण देणाऱ्या मानसोपचाराने खिन्नता तर ओसरलीच, पण सहा महिन्यांनंतर एचबीए१सी उपचार मिळालेल्यांत ९.५ आणि इतरांत १०.९ टक्के भरले. ड्यूक येथील रिचर्ड सर्विट यांच्या २००२ च्या प्रयोगात स्नायू शिथिल करण्यासारख्या साध्या उपायांनी वर्षअखेर सुमारे अर्ध्या टक्क्याचा लाभ झाला. याउलट २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी प्रयोगात खिन्नता कमी होऊनही शर्करेत फरक पडला नाही. म्हणजे मनाचा उपचार हा इन्सुलिनला पर्याय नव्हे. पण शर्करा उतरली नाही म्हणून माणसाचे हलके झालेले मन फुकट गेले, असेही कोणी म्हणू नये.

खिन्नतेची प्राथमिक चाचपणी दोन प्रश्नांत होते : गेल्या दोन आठवड्यांत कशातही रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे काय, आणि मन उदास, निराश असते काय. वाढलेला आकडा ज्या दवाखान्यात वा ज्या घरात वाचला जातो, तेथे खाण्याची उलटतपासणी सुरू करण्यापूर्वी हे दोन प्रश्न विचारावेत आणि उत्तर पुरे होईपर्यंत ऐकून घ्यावे.