'नेहमीपेक्षा': एका शब्दाची गोष्ट

आजचा भाग एका शब्दावर आहे: 'नेहमीपेक्षा'.

1972 साली लंडनमध्ये डेव्हिड गोल्डबर्ग यांनी मानसिक त्रास हेरणारी एक प्रश्नावली छापली, 'जनरल हेल्थ क्वेश्चनेअर'. मूळ 60 प्रश्न, पण पुढे 12 प्रश्नांचीच जास्त चालली. काळजीने झोप उडालीय का, असले साधे प्रश्न. उत्तरं चार: अजिबात नाही, नेहमीइतकीच, नेहमीपेक्षा जास्त, खूपच जास्त. पहिल्या दोन उत्तरांना 0 गुण, पुढच्या दोनला 1.

आता ही प्रश्नावली घेऊन आमच्या नरसी नामदेवात या. समजा, हिंगोलीला कॉलेजात जाणारी एक मुलगी आहे. परीक्षा तोंडावर, झोप महिनाभरापासून उडालेली. ती 'नेहमीपेक्षा जास्त'वर टिक करणार. तिचा चुलतभाऊ दहावीनंतर शाळा सोडून रोजाने सोयाबीन काढायला जातो. घरच्या कर्जापायी चार वर्षं त्याला धड झोप नाही. तो म्हणणार, "नेहमीसारखंच हाय की." गुण शून्य! कागदावर ही त्रासात आणि हा पठ्ठ्या ठणठणीत.

1985 मध्ये गुडचाइल्ड आणि डंकन-जोन्स यांनी नेमकं इथंच बोट ठेवलं. त्रासाच्या प्रश्नाला 'नेहमीइतकाच' म्हटलं तरी 1 गुण द्या, असं त्यांनी सुचवलं. मला हा बदल मूळ प्रश्नावलीइतकाच मोठा वाटतो.

दुसरा घोळ तुलनेचा. कॅनडात 1998 ला याच 12 प्रश्नांवर सुमारे 30 टक्के विद्यार्थी त्रासात दिसले, बाकी जनतेपेक्षा जास्त. पण जनतेत आजोबाही आले ना! अमेरिकेत 2001-02 च्या पाहणीत, प्रत्यक्ष मुलाखती घेऊन, 19 ते 25 वयाचेच कॉलेजातले आणि कॉलेजबाहेरचे तोलले. दोन्हीकडे जवळपास निम्म्यांना वर्षभरात काही ना काही मानसिक आजार. एकूण फरक जवळजवळ नाहीच. फक्त दारूचा आजार कॉलेजवाल्यांत जास्त.

आपल्याकडे 2015-16 ची राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी 12 राज्यांत झाली. त्यात महाराष्ट्र नव्हता. पण शेजारच्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या गावांत 'विश्राम' कार्यक्रमाने पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची यादी वापरली. नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चौघांनी तेव्हा मदत घेतली होती. दीड वर्षाने ते 27 झाले. ही यादी विचारते, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस? 'नेहमीपेक्षा' हा शब्दच नाही. चुलतभावाला झोपेच्या प्रश्नावर 3 पैकी 3 मिळतील.

आणि हो, टेली-मानसचा नंबर 14416. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.