सॅबोटाज : एका बदनाम शब्दाची कुळकथा

एका कारखान्यात काम मंदावले म्हणून आमच्या एका सोबत्याला आरोपपत्र मिळाले. त्यात इंग्रजी शब्द होता ‘सॅबोटाज’. आपण त्याला ‘घातपात’ म्हणतो. त्या एका शब्दावर माणसाची भाकरी टांगलेली. तेव्हा त्याची कुळकथा शोधणे आम्हांला भागच पडले.

शब्द मूळचा फ्रेंच. ‘साबो’ म्हणजे लाकडी जोडा, गोरगरिबांचे पायताण. तो घालून खडखडाट करीत चालणे म्हणजे ‘साबोते’. आणि त्यावरूनच, काम धसमुसळेपणाने उरकणे. चिडलेल्या कामगारांनी यंत्रांत जोडे फेकले म्हणून हा शब्द निघाला, असे आम्हीही सभांतून रंगवून सांगत असू. त्या गोष्टीला पुरावा नाही, ही कबुली श्रोत्यांपुढे देऊन टाकतो.

हा शब्द चळवळीत रुजवणारा एमिल पूजे याने वेगळीच हकिगत दिली आहे. १८८९ साली स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या गोदी कामगारांनी मजुरीवाढीसाठी संप केला. मालकांनी शेतमजूर आणले. त्यांच्या हातून माल निसटे, काम रेंगाळे. तरी मालकांनी त्यांना मजुरी दिली, वर त्यांची तारीफही केली. (त्या शेतमजुरांना आम्ही हसणार नाही, हमालीतही कसब असते, ते चार दिवसांत येत नाही.) संप फसला. तेव्हा युनियनच्या चिटणीसाने सांगितले, कामावर जा, पण त्या शेतमजुरांसारखेच काम करा. थोड्याच दिवसांत मालकांनी चिटणीसाला बोलावून वाढ मान्य केली! कोणी यंत्र मोडले नव्हते, की गुदाम जाळले नव्हते.

स्कॉच लोक या रीतीला ‘का कॅनी’ म्हणत. म्हणजे दमाने घ्या. १८९७ साली तुलूज येथे फ्रेंच कामगार महासंघाच्या अधिवेशनात तिचा पुरस्कार झाला, तो ‘साबोताज’ या नावाने. पुढे १९१० साली फ्रान्समध्ये रेल्वेचा संप झाला. ब्रियां सरकारने संपवाल्यांना सक्तीने लष्करी सेवेत ओढले, इकडे तारा तोडल्याच्या बातम्या झळकल्या, आणि त्या गदारोळात शब्द इंग्रजीत शिरला. धांदरट कामाचा अर्थ मागे पडला, मोडतोडीचा तेवढा उरला.

आमच्या सोबत्याने काही मोडले नव्हते. चौकशीत तेच मांडले आणि त्याची नोकरी वाचली. मूळ अर्थाने पाहता साहेबांचा शब्द अगदी बरोबर होता, हे मात्र आम्ही तेथे बोललो नाही.