प्रतिकृतीचा नाद : मराठवाड्यातील दोन लोहमार्ग आणि नैमित्तिक ध्वनीचा प्रश्न

आगगाडीच्या लघुप्रतिकृतीचा विचार आजवर मुख्यतः डोळ्यांच्या साक्षीने झाला आहे. एंजिनाचा आकार, डब्यांचा रंग, रुळांमधील अंतर ही मूळ वस्तूशी कितपत जुळतात, हीच तिच्या यथार्थतेची कसोटी मानण्यात येते. परंतु आगगाडी ही पाहण्याइतकीच ऐकण्याचीही वस्तू होती. रात्री अंथरुणावर पडलेल्या गावाला ती मुळी दिसतच नसे. शिट्टीवरून आणि चाकांच्या खडखडाटावरूनच ती ओळखली जाई. म्हणून प्रतिकृतीला ध्वनीची जोड देणे ही केवळ करमणुकीची बाब न राहता तिला इतिहासाच्या दृष्टीनेही महत्त्व प्राप्त होते. कोणता ध्वनी, कोणत्या स्थळी, कशामुळे उठावा, हा तो प्रश्न होय.

धर्मशास्त्रात कर्माचे नित्य आणि नैमित्तिक असे भेद केलेले आहेत. ध्वनीच्या विवेचनातही हा भेद उपयोगी पडण्यासारखा आहे. गाडी चालू आहे तोवर जो सतत चालतो, उदाहरणार्थ बाष्पाचे ठोके व चाकांचा आवाज, तो नित्य ध्वनी. एखादे निमित्त घडले म्हणजेच जो उठतो, उदाहरणार्थ फाटकापूर्वीची शिट्टी किंवा स्थानकातील घंटा, तो नैमित्तिक ध्वनी. नित्य ध्वनी एंजिनाची जात सांगतो; नैमित्तिक ध्वनी एंजिनाचा भोवतालच्या लोकवस्तीशी असलेला संबंध सांगतो.

(१) दोन मार्ग, दोन मापे

या प्रश्नाच्या अभ्यासास नांदेड आणि लातूर ही दोन ठिकाणे विशेष सोयीची आहेत. दोन्ही निजामाच्या राज्यातील. परंतु तेथे आलेल्या आगगाड्या भिन्न कुळांतील होत्या. नांदेडवरून जाणारा हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मार्ग मीटरमापी होता. सिकंदराबाद ते मनमाड असा तो १९०१ पर्यंत पूर्ण झाला. लातूरला मात्र गाडी आली ती पश्चिमेकडून, बार्शी लाइट रेल्वेची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेल्या या मार्गाच्या रुळांतील अंतर अवघे अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते. १८९७ मध्ये बार्शी रोड (आजचे कुर्डुवाडी) ते बार्शी हा पहिला भाग सुरू झाला आणि १९११ मध्ये मार्ग लातूरपर्यंत पोहोचला. प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, या तत्त्वावर कॅलथ्रॉपने एंजिने व डबे यांची आखणी केली होती. हलके रूळ, लहान चाके आणि भार वाटून घेणारे अनेक आस हे या मार्गाचे लक्षण होते. त्याची पहिली एंजिने लीड्स येथील किटसन कंपनीने बांधली.

१९५४ च्या आरंभी बार्शी लाइट रेल्वे सरकारने विकत घेतली. पुढे १९९० नंतरच्या काळात नांदेडचा मार्ग रुंदमापी झाला, आणि लातूर-उस्मानाबाद-कुर्डुवाडी हा मार्ग २००७ व २००८ या वर्षांत रुंद करण्यात आला. रुंदीकरणाने प्रवासाची व मालवाहतुकीची मोठी सोय झाली, यात शंका नाही. तथापि त्याबरोबर दोन स्वतंत्र नाद-परंपरा लुप्त झाल्या, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

(२) निमित्त कोण घडवितो ?

प्रतिकृतीतील नैमित्तिक ध्वनी हा छांदिष्टांनी काढलेला नवा प्रकार नव्हे. खऱ्या लोहमार्गावर तो आधीपासूनच होता. १८४१ मध्ये इंग्लंडात एडवर्ड काउपर याने रुळावर ठेवावयाचा स्फोटक सिग्नल काढला. धुक्यात हातभार सिग्नल दिसेनासा झाला, की रुळावर बसविलेली ही डबी चाकाखाली फुटे आणि चालक सावध होई. येथे गाडी स्वतःच आपल्या इशाऱ्याचे निमित्त बनते. १९०६ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने याच कल्पनेला विजेची जोड दिली. रुळांच्या मधोमध बसविलेल्या उतरत्या पट्टीला एंजिनाखालील स्पर्शक घासून गेला म्हणजे मार्ग मोकळा असल्यास चालकाच्या कोठडीत घंटा वाजे, नसल्यास भोंगा.

भारतीय लोहमार्गावर मात्र बहुतेक नैमित्तिक ध्वनींच्या मध्ये माणूस उभा असे. फाटकाच्या अलीकडे, सामान्यतः ६०० मीटरांवर, पिवळ्या पाटीवर 'सी/फा' ही अक्षरे दिसतात. 'सीटी' व 'फाटक' यांची ही आद्याक्षरे वाचून चालकाने शिट्टी द्यावयाची. लहान स्थानकात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडा पडे, आणि गाडी येत असल्याचे गावाला कळे. पाटीवरील अक्षर, चालकाची दृष्टी, त्याचा हात आणि अखेर शिट्टी, अशी ही साखळी आहे. लिपीतून ध्वनीकडे जाणारा हा प्रवास भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम लक्षात घेण्याजोगा आहे. प्रतिकृतीत चालक नसतो. पाटी वाचण्याचे त्याचे काम तेथे एखाद्या यंत्राकडे सोपवावे लागते.

या यंत्रांचा इतिहास थोडक्यात असा. १९३५ मध्ये अमेरिकेतील लायोनेल कंपनीने खेळण्यातील गाडीच्या कोळसाडब्यात लहान पंखा बसवून हवेची शिट्टी वाजविली. रुळांतून प्रत्यावर्ती प्रवाह वाहत असे; त्यात क्षणभर एकदिश प्रवाह मिसळला की शिट्टीची कळ बंद होई. परंतु येथे निमित्त खेळणाऱ्याच्या बोटात होते, स्थळात नव्हते. १९३६ मध्ये बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड याने काचेच्या नळीत दोन लोखंडी पात्या असलेली 'रीड-स्विच' ही कळ शोधून काढली. ती मूळची दूरध्वनीच्या यंत्रणेसाठी होती. परंतु चुंबक जवळ येताच पात्या जुळतात, या तिच्या गुणामुळे प्रतिकृतिकारांना ती फार उपयोगी पडली. एंजिनाच्या पोटाशी बारीक चुंबक आणि रुळाखाली ही कळ असली, म्हणजे गाडी त्या ठिकाणी येताच विद्युत्-मंडल पूर्ण होते व ध्वनी सुरू होतो. पाटी वाचणारा चालक अशा रीतीने रुळाखाली जाऊन बसला. १९९० नंतरच्या दशकात ध्वनिमुद्रण साठविणाऱ्या अंकीय चकत्या एंजिनाच्या आतच मावू लागल्या. आता तर थोड्या खर्चात मिळणाऱ्या सूक्ष्म-नियंत्रकाने व अवरक्त किरणांच्या संवेदकाने कोणीही विद्यार्थी अशी रचना करू शकतो. अडचण साधनांची राहिलेली नाही. ती प्रमाणाची आणि प्रमाणभूततेची आहे.

(३) प्रमाणाचा प्रश्न

जगात सर्वाधिक रूढ असलेले प्रमाण १:८७ हे होय. त्या प्रमाणात नांदेडचा मीटरमापी मार्ग सुमारे १२ मिलिमीटरांचा, तर लातूरचा अरुंदमापी मार्ग सुमारे ९ मिलिमीटरांचा होतो. लांबी-रुंदी अशी लहान करता येते. काळ मात्र लहान करता येत नाही.

दोन सिलिंडरांच्या साध्या बाष्प-एंजिनातून चाकाच्या एका फेऱ्यात बाष्पाचे चार ठोके बाहेर पडतात. मीटरमापी मार्गांवर दीर्घकाळ धावलेल्या 'वायपी' जातीच्या एंजिनाची मोठी चाके साडेचार फूट व्यासाची होती. ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना त्याचे ठोके सेकंदाला सुमारे पाच पडतील. त्याच वेगाने जाणाऱ्या अरुंदमापी एंजिनाचे चाक अडीच फुटांचे धरल्यास ठोके सेकंदाला नऊहून अधिक होतात. म्हणजे एकाच वेगाने जाणाऱ्या नांदेडच्या व लातूरच्या गाड्या कानाला मुळीच सारख्या लागल्या नसत्या. एकीची चाल लांब ढांगांची, तर दुसरीची लगबगीची. दोन्ही प्रतिकृतींना एकच तयार 'झुकझुक' जोडणे हे दोन बोलींना एकाच उच्चारात वाचण्यासारखे आहे.

सुदैवाने या ठिकाणी प्रतिकृतीचे अंगभूत गणितच साहाय्यास येते. चाक ८७ पटींनी लहान झाले आणि वेगही त्याच प्रमाणात कमी ठेवला, तर दर सेकंदाचे फेरे मुळाइतकेच राहतात. म्हणून चाकाच्या आसावर चार उंचवटे असलेली चकती बसवून तिच्या स्पर्शाने ठोका उठविल्यास नित्य ध्वनी आपोआप अचूक पडतो.

नैमित्तिक ध्वनीचे असे होत नाही. फाटकापूर्वीचे ६०० मीटर अंतर १:८७ प्रमाणात जवळजवळ सात मीटर होते. घरातील मेजावर ते मावत नाही. ताशी २० किलोमीटर वेगाची गाडी ते अंतर १०८ सेकंदांत कापते. मेजावर पाटी आणि फाटक यांत एक मीटरच ठेवता आला, तर हा अवधी पंधरा-सोळा सेकंदांवर येतो. शिट्टी ऐकून बैलगाडी थांबवावयाची, गुरे मागे घ्यावयाची, पोराला हाक मारावयाची, एवढ्या सर्व गोष्टींना त्या १०८ सेकंदांत वाव होता. नियमाने आखून दिलेला तो मानवी अवधी प्रतिकृतीत आक्रसतो. श्रवणाचेही असेच आहे. मेजापासून एक मीटरवर उभा असलेला प्रेक्षक मूळ प्रमाणात ८७ मीटरांवर असतो. त्याला एंजिनाच्या कोठडीतला कर्कश आवाज ऐकविणे हा यथार्थतेचा आभास होय.

(४) ध्वनी कोठून आणावयाचा ?

बाजारात मिळणारी ध्वनिमुद्रणे बहुधा अमेरिका, ब्रिटन अथवा जर्मनी येथील एंजिनांची असतात. त्या देशांत बाष्पयुग संपत असतानाच काहींनी हे काम मनावर घेतले. ब्रिटनमध्ये पीटर हँडफर्ड यांनी आणि अमेरिकेत छायाचित्रकार विन्स्टन लिंक यांनी १९५० नंतरच्या दशकात धावत्या एंजिनांचे आवाज मुद्रित केले. त्यापूर्वी, १९४८ मध्ये, पियेर शेफेर यांनी पॅरिसमधील बातिन्योल स्थानकावरील आवाजांतून एक संगीतरचनाच निर्माण केली होती. महाराष्ट्रात भाऊसाहेब जोशी यांनी पुण्यात कोथरूड येथे उभारलेले लघु-रेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये खुले झाले. एका व्यक्तीच्या छंदातून लोकशिक्षणाचे साधन कसे घडू शकते, याचे ते उत्तम उदाहरण होय. मराठवाड्याच्या मीटरमापी व अरुंदमापी गाड्यांची प्रतिकृती उद्या कोणी करू म्हणेल, तर आकारासाठी नकाशे व छायाचित्रे त्याच्या कामी येतील. नादासाठी मात्र त्याला माणसांकडेच जावे लागेल.

आणि येथेच भाषेची साक्ष उपयोगी पडते. मराठी व्याकरणात ज्यांना अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द म्हणतात, ते एक प्रकारचे ध्वनिलेखनच असते. मात्र ते निर्विकार नसते. एंजिन चाकाच्या फेऱ्याला चार ठोके देते. 'झुकझुक' हा शब्द त्यांची दोनदोनांत वाटणी करतो, कारण द्विरुक्ती हा आपल्या भाषेचा स्वभाव आहे. 'खडखड' रुळांच्या सांध्यांचा, 'धडधड' पुलावरून जाणाऱ्या गाडीचा, असा विवेकही भाषा करते. म्हणजे हे शब्द ध्वनीबरोबर त्याचे निमित्तही जतन करून ठेवतात. ध्वनिमुद्रण आवाज ठेवील. तो कशामुळे उठला, हे ठेवीलच असे नाही.

म्हणून नांदेड व लातूर येथील विद्यार्थ्यांनी करावयाचे काम स्पष्ट आहे. निवृत्त चालक, फायरमन, फाटकवाले, हमाल आणि मार्गालगतच्या गावांतील वृद्ध यांच्याकडून केवळ 'आवाज कसा होता' एवढेच विचारून भागणार नाही. शिट्टी कोठे होई, किती लांब दिली जाई, ती ऐकून घरात काय केले जाई आणि त्या आवाजाला तेथील बोलीत काय म्हणत, हे सर्व स्थळासह नोंदले पाहिजे. अशी नोंद हाती असेल तर रुळाखालची कळ योग्य जागी बसविता येईल. ती नसेल तर परक्या एंजिनाची शिट्टी लातूरच्या नावावर वाजेल, आणि ज्यांनी मूळची कधीच ऐकली नाही त्यांना तीच खरी वाटेल. प्रतिकृतीतील चुकीचा रंग निदान छायाचित्राशी ताडून पाहता येतो. चुकीच्या नादाला आव्हान देणारे कान मात्र दर वर्षी कमी होत आहेत.